खडीची रास

मनकर्णाच्या लेकीचं, मुक्ताचं, लग्न मिलोच्या, म्हणजे रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरीवर उरकलं ते साल बहात्तरचं. मार्गशीर्षात मांडव पडला. पावसानं पाठ फिरवलेली, विहिरींनी तळ दाखवलेला, आणि व्याह्याला तोंडानं सांगावं लागलं की बाबा, गोडधोड काही नाही, जे रेशनला मिळालं ते पानात. व्याही समजूतदार होता. त्याच्याही घरी तेच होतं.

त्या पंगतीतच साऱ्या गावाला कळलं की रंभाजीचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही.

रंभाजी म्हणजे मनकर्णाचा सासरा. वय पंच्याहत्तरच्या पुढं-मागं. अंगानं काटक, दात शाबूत, कान तिखट. पंगत बसली होती, मनकर्णा डाळीची बादली घेऊन वाढत होती, आणि म्हातारा पानावरून उठून ओरडला, "अरं, नवरीला काय वाढायला लावता? काय रीतभात हाय का न्हाई? मच्छिंद्राला बोलवा! म्हनावं बायको संभाळ आपली!"

मच्छिंद्र म्हणजे मनकर्णाचा नवरा. तो तिथंच उभा होता, मिशीत पांढरे केस आलेला. बावीस वर्षांपूर्वी ह्याच म्हाताऱ्यानं मनकर्णाला सून म्हणून घरात आणली होती, आणि आज तिच्या लेकीच्या मांडवात तो तिलाच नवरी समजत होता. सारी पंगत हसली. व्याही हसला. मनकर्णाही हसली, कारण मांडवात चिडायला जागा नसते. म्हाताऱ्याच्या बाबतीत ती हसली ती तेवढीच.

पौषात मच्छिंद्र बैलजोडी आणि पोरगा घेऊन देवळाली प्रवरेकडे गेला. तिकडं कॅनॉलचा मुलूख, उसाचं वाढं मिळायचं, बैल जगले असते. जाताना तो म्हणाला, "तात्यांकडं बघ."

"बघते की. दुसरं काय करायला ठेवलंय मला?" मनकर्णा म्हणाली.

बघायचं म्हणजे काय, ते मच्छिंद्राला ठाऊक नव्हतं. पुरुषमाणूस दोन वेळा घरी येतो, बाप ओसरीवर बसलेला दिसतो, त्याला वाटतं बाप बसलेलाच असतो. बसलेला असायला म्हाताऱ्यामागं दिवसभर पळावं लागतं, हे बसलेल्याकडं बघून कसं कळावं? म्हाताऱ्यानं सकाळी भाकरी खायची, हात धुवायचे, आणि पारावर जाऊन सांगायचं, "सून दोन दिस झालं जेवायला घालीना." बाया विचारायला यायच्या. मनकर्णा त्यांना उष्टं ताट दाखवायची. मग तिला वाटायचं, आपण काय म्हणून ताटं दाखवत फिरतोय? आपण काय चोर आहोत?

धोतर नेसवलं की सोडायचा. पाणी पाजलं की तांब्या कुठंतरी लपवायचा आणि तांब्या चोरला म्हणून तिच्याच नावानं ठणाणा करायचा. एकदा तर बोडक्यानं निघाला आणि अर्ध्या वाटेवर सापडला. "कुठं निघाला हुता, मामा?" विचारलं तर म्हणाला, "खळ्यावर. लोकं खोळंबली असतील."

सोनईच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली, म्हणाला, "वयोमान आहे. औषध नाही ह्याला. सांभाळा." सांभाळा हा एकच शब्द बोलून त्यानं पुढच्या माणसाला आत घेतलं. गावात कोणी म्हणे चळ लागला, कोणी म्हणे कोणीतरी काही खाऊ घातलं. मनकर्णा म्हणायची, "खाऊ घालायला हायच काय कुनाकडं?"

आता घरात दाणा नाही आणि शिवारात काम नाही. गावाच्या माथ्यावर सरकारनं खडीचं काम काढलं होतं. ज्याचं हजेरीवर नाव त्याच्या घरात चूल. मनकर्णाचं नाव लागलं. बारा एकरांची मालकीण डोक्यावर चुंबळ घेऊन माळावर गेली, बोटांना चिंध्या बांधून दगड फोडायला बसली. लाज वाटायचं कारण नव्हतं, कारण सगळेच बसले होते. तिच्या एका बाजूला मारवाड्याच्या वाड्यावर काम करणारी, दुसऱ्या बाजूला बौद्धवाड्यातली बनुबाई. एरवी ह्या तिघींची पाण्याची घागरसुद्धा शेजारी टेकली नसती.

पण सासऱ्याला कुठं ठेवायचं? घरी ठेवावा तर हा निघून जायचा. शेजारणी दगड फोडायला, शेजारी दगड उचलायला. गावात राहिले होते ते कुत्री आणि आजारी. मग ती त्याला सोबतच न्यायला लागली. बोट धरून न्यायचं, बाभळीखाली बसवायचं, पुढ्यात पाण्याचं मडकं. दगडावर हातोडी, एक डोळा म्हाताऱ्यावर. एक डोळा तिकडं असला की हातोडी बोटावर. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख त्या महिन्यात दोनदा काळं झालं.

चार दिवस तो गप्प होता. पाचव्या दिवशी खडीचा ढीग गुडघ्याएवढा झाला, आणि म्हातारा उठला. त्यानं पायातल्या वहाणा काढल्या, लांब ठेवल्या, आणि अनवाणी ढिगाजवळ आला. ओंजळभर खडी उचलली, वाऱ्यावर सोडली, आणि म्हणाला, "औंदा दाना टपोरा हाय."

बनुबाई हसली. "घ्या! म्हाताऱ्याला रास दिसाया लागली."

ते खरं होतं. रंभाजी उभ्या आयुष्यात गावच्या राशी मापत आला होता. कोणाचंही खळं असो, रास मापायला रंभाजी. त्याच्या हातात पायली असली की कोणी भांडायचं नाही. पहिलं माप 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मापताना बोलायचं नाही. खळ्यात वहाणा घालायच्या नाहीत. ह्या रीती त्यानं पन्नास वर्षं पाळल्या होत्या. बायकोचं नाव विसरला, लेकाचं तोंड विसरला, पण ह्या विसरला नाही.

पहिले दोन-तीन दिवस मनकर्णाला वाटलं, देव पावला. म्हातारा कुठं जाईना. ढिगाशेजारी उकिडवा बसायचा, कडेची खडी हातानं आत लोटायचा, कावळा आला तर हुसकायचा. खडीवर कावळा कशाला येतोय! पण तेवढ्यानं त्याला काम होतं आणि हिला उसंत. ती बनुबाईला म्हणाली, "आधी ठाऊक असतं तर घरात दगडाचाच ढीग घालून ठेवला असता."

मग बलुतं सुरू झालं.

रास मापायच्या आधी बलुतेदारांना त्यांचं द्यायचं, ही जुनी रीत. सुतारानं नांगर भरला, लोहारानं फाळाला धार लावली, चांभारानं वहाणा शिवल्या, त्यांचं त्यांचं सुपानं द्यायचं. त्याशिवाय रास उचलायची नाही. म्हाताऱ्यानं मनकर्णाचं घमेलं घेतलं, खडीनं भरलं आणि पाणी वाटत चाललेल्या माणसाला हाक मारली, "ये रं, घेऊन जा तुझं. मागनं तंटा नगं."

तो माणूस दिवसभर उन्हात पाणी वाटून कंटाळलेला. त्याला गंमत सुचली. त्यानं घमेलं घेतलं आणि नेऊन आपल्या बायकोच्या ढिगावर ओतलं.

झालं. दुसऱ्या दिवसापासून मनकर्णा पाण्याला उठली, की कोणी ना कोणी हजर. "रंभाबा, आमचं राहिलं की वो! आमी न्हावी." "बाबा, आमी परीट, औंदा तुमची घोंगडी कोनी धुतली?" म्हातारा विचारात पडायचा, मग मोठ्या मनानं घमेलं भरायचा. हसणारे हसायचे आणि खडी न्यायचे. मनकर्णा सकाळपासून फोडायची आणि दुपारपर्यंत ढीग होता तेवढाच.

"अरे, लाजा वाटू द्या! माज्या हाताची सालटी निघाली त्या खडीपायी!" ती ओरडली.

"वहिनी, आमी कुठं मागितलं? म्हातारा देतोय. द्येनाऱ्याचा हात धरावा का?"

"धरा की! हात धरा, पाय धरा, घरी न्या त्याला! आठ दिस संभाळा आन मग या बलुतं मागायला!"

कोणी नेला नाही. बलुतं मागायला पुढं, सांभाळायला मागं. आणि म्हाताऱ्याला रागवावं तर तो तिच्यावरच डाफरायचा, "बाईमानसानं खळ्यात बोलू न्हाई!"

असंच एका दुपारी त्यानं बनुबाईकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग घमेलं भरून तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू पुंजारामाच्या घरातली ना गं? सगळ्यात मागनं उभी ऱ्हायलीस. तुमचं द्यायचं ऱ्हायलं. धर पदर."

हातोड्या थांबल्या. जवळच्या पाच-सहा जणांनी मान वर केली. आता हसायचं की नाही, हे कोणाला कळेना.

बनुबाई उठली. पदर तिनं कमरेला घट्ट खोचला. आवाज चढवला नाही. "बाबा, आमी ते सोडलं. माज्या सासऱ्यानं सोडलं, दीक्षा घेतली त्या साली. पंधरा-सोळा वर्सं झाली. आमी पदर धरत न्हाई कुनाफुडं."

"असं कसं? न्हाई नेलं तर रास कशी मापायची? आख्खं गाव खोळंबंल."

"खोळंबू द्या."

"अगं धर की! दर साली नेता..." असं म्हणून त्यानं घमेलं तिच्या अंगाशी लोटलं. दोन खडे तिच्या पायावर पडले.

मनकर्णा धावत आली. तिनं घमेलं हिसकलं आणि म्हाताऱ्याच्या मनगटावर एक फटका मारला. जोराचा नव्हता, पण लागला. म्हाताऱ्यानं हात छातीशी धरला आणि तिच्याकडं असं बघितलं, जसं की ही बाई कोण आणि का मारते हे त्याला खरंच ठाऊक नाही. त्याला ठाऊक नव्हतंच.

"बनुबाय, त्याला काय कळतंय? त्याला मी सून हाय का नवरी हाय ते कळंना झालंय."

"मला ठावं हाय." बनुबाई खाली बसली. हातोडी उचलली. "पर त्याच्या ध्यानात काय ऱ्हायलं बघ. सगळं गेलं, आन आमी पदर धरून उभं ऱ्हायलेलं तेवढं ऱ्हायलं. मी त्याच्यावर रागवत न्हाई, मनकर्णाबाय. पर फुडल्या खेपेला मी जागा बदलीन. आधीच सांगते."

"बदल गं बाई. मला बदलता यीना म्हनून मी बसलेय."

दोघींनी पुन्हा फोडायला घेतलं. नुसता दगडाचा आवाज.

शनिवारी मापाला कारकून आला. सोबत मुकादम काकासाहेब, गावातलाच, श्रीमंत पाटलाचा धाकटा. लाकडी चौकट ठेवायची, खडी भरायची, किती भरली ते लिहायचं. मनकर्णानं म्हाताऱ्याला लांब नेऊन बाभळीखाली बसवलं, हातात भाकरीचा तुकडा दिला, मडकं दिलं, बिडी दिली. चौकट मनकर्णाच्या ढिगापाशी आली. कारकुनानं बूट घातलेला पाय ढिगावर ठेवला, आणि मागून आरोळी आली.

"ए! पाय काढ! आरं, लक्षुमी हाय ती!"

कोणाला काही कळायच्या आत म्हातारा तिथं पोचला होता. त्यानं कारकुनाला दोन्ही हातांनी ढकललं. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, पण रेटा शेतकऱ्याचा. कारकून पडला तो चौकटीवरच, आणि चौकटीची कड त्याच्या नडगीला बसली.

पुढचं सांगायला नको. कारकुनानं वही मिटली. काकासाहेबानं त्याचे पाय चोळले, हात जोडले. मग तो मनकर्णाकडं वळला. लोकांसमोर त्याला बोलणं भाग होतं.

"वहिनी, बास झालं. सोमवारपास्नं बाबा हितं दिसला तर मी तुमचं नाव काढीन. हे सरकारी काम हाय, धरमशाळा न्हाई."

"आन कुठं ठेवू? डोक्यावर घिऊन फोडू दगड?"

"ते मला काय ठावं? घरी ठेवा."

"घरी कोन हाय? बैल बी न्हाईत घरी!"

"मग बांधून ठेवा," काकासाहेब म्हणाला. रागात बोलला. पण बोलला.

सोमवारी तिनं बांधला.

गोठ्यात बैलांची जागा रिकामीच होती. तिनं तिथं झाडून घेतलं, घोंगडी अंथरली, उशाला मडकं ठेवलं, भाकरी झाकून ठेवली. दावं लांब सोडलं, म्हाताऱ्याला उंबऱ्यापर्यंत येता येईल इतकं. पायाला फडकं गुंडाळलं, म्हणजे काचू नये. हे सगळं नीट करता करता तिचा संताप वाढतच गेला. कोणावर, ते तिला सांगता आलं नसतं. म्हाताऱ्यावर, नवऱ्यावर, काकासाहेबावर, पावसावर. "बसा आता," ती म्हणाली, "आन बोलवा खुंट्याला बलुतं न्यायला." आणि माळाकडं निघाली ती वळून न बघता.

दोन दिवस बरे गेले. म्हणजे कामाचे बरे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी माळावर दुरूनच आवाज यायला लागला. बाईचा आवाज होता, आणि मनकर्णानं तो ओळखला. हातोडी खाली ठेवून ती म्हणाली, "आली. आता हिचीच कमी हुती."

भामाबाई. मनकर्णाची नणंद, नवऱ्यापेक्षा थोरली, बेलापूरला दिलेली. मुक्ताच्या लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आली होती, आणि उंबऱ्यात पाऊल ठेवते तर बाप दाव्याला. आता बापाचा हात धरून ती माळ चढत होती. म्हाताऱ्याच्या घोट्याला फडकं तसंच.

"बघा गं बायांनो, बघा! माज्या बापाला बैलासारका बांधलाय हिनं! ज्यानं आख्ख्या गावाच्या राशी मापल्या त्याच्या पायात दावं! मनकर्णे, तुला काय वाटलं न्हाई गं?"

"वाटलं की, आक्का. पर वाटून भाकरी व्हईना."

"माजा भाऊ हितं असता तर..."

"असता तर मी बांधला नसता! न्हाई म्हनून तर बांधला! तुमाला लई पुळका आला का? मग न्या. आत्ताच न्या. मी गठुडं बांधून देते."

"नेईन! नेईनच! मला का जड हाय माजा बाप?"

"न्हाई वो, कशाला जड आसंल? तुमी तर त्याला चार वर्सांत एकदा बघता."

माळावरच्या बायकांनी काम थांबवून हे सगळं मन लावून ऐकलं. भामाबाईनं रडून घेतलं, मनकर्णाला शिव्या घातल्या, आणि संध्याकाळच्या गाडीनं बापाला खरंच घेऊन गेली. म्हातारा एस.टी.त खिडकीशी बसला. मनकर्णानं त्याचं धोतर, बंडी, घोंगडी आणि वहाणा दिल्या. गाडी गेली. मनकर्णा घरी आली, चुलीपुढं बसली, आणि भाकरी करता करता तिच्या लक्षात आलं की आपण दोन माणसांचं पीठ मळलंय. तिनं दोन्ही भाकरी खाल्ल्या. मग सकाळपर्यंत झोपली, कूस न बदलता.

नऊ दिवस. नऊ दिवस ती सरळ दगड फोडत होती. अंगठ्याचं नख नवं यायला लागलं. बनुबाई म्हणाली, "तोंड उजळलं तुजं." मनकर्णाला ते ऐकून बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

दहाव्या दिवशी भामाबाई परत आली. बाप घेऊनच. ह्या खेपेला ओरडत नव्हती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ओसरीवर टेकली आणि पाणी मागितलं.

"काय झालं, आक्का?" मनकर्णानं विचारलं. काय झालं ते भामाबाईच्या तोंडावर दिसतच होतं, पण मनकर्णाला ते ऐकायचं होतं.

"काय सांगू? बेलापुरात रेशनच्या दुकानाफुडं मिलोची पोती उतरली. लोकांची ही रांग. मी घटकाभर परसात गेले, तवर ह्यो गेला दुकानात. अनवानी. एक पोतं उसवलं आन रांगेतल्या लोकांना वाटाया लागला. सुतार कोन, लोहार कोन, ये म्हनं, घेऊन जा. आन लोकं पन न्याया लागली! अर्धं पोतं गेलं! दुकानदारानं ह्याच्या मुस्काटात मारली. मालक म्हनाले, एक तर तुजा बाप ऱ्हाईल न्हाई तर मी."

"बरं मग?"

"मग काय बरं मग? आले."

बोलण्यासारखं मनकर्णाकडं पुष्कळ होतं, नऊ दिवसांत तिनं ते तोंडपाठ केलं होतं. पण ह्या बाईनं नऊ दिवसांत जे भोगलं ते आपण अख्खा हिवाळाभर भोगलं, आणि ते काय असतं हे आता नणंदेलाही कळलं, एवढं तिला पुरलं. तिनं नणंदेला चहा करून दिला. गुळाचा, काळा.

जाताना भामाबाई गोठ्यात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात दावं होतं. ते तिनं मनकर्णापुढं धरलं. वर बघितलं नाही.

"लई आवळू नगं," ती म्हणाली. आणि गाडी चुकेल म्हणून भराभरा चालती झाली.

मनकर्णा ते दावं घेऊन तशीच ओसरीवर उभी राहिली. आणि तिला जो राग आला, तो ह्या सगळ्या महिन्यांत आला नव्हता. सगळ्यांना म्हातारा बांधलेला हवा होता आणि बांधणारा हात तिचा हवा होता. नवरा म्हणे बघ. डॉक्टर म्हणे सांभाळा. मुकादम म्हणे बांधा. नणंद म्हणे आवळू नको. करणार कोण? मनकर्णा!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली नाही. सरळ काकासाहेबाच्या दारात गेली. तो दात घासत होता.

"भावजी, म्हातारा आला परत. चला."

"कुठं?"

"बांधायला. तुमी सांगितलं तवा मी बांधला. लोकांनी मला नावं ठेवली. आज तुमी बांधा. तुमच्या हातानं गाठ मारा आन मग मी येते दगड फोडायला. न्हाई तर नाव काढा, आन घरला येऊन सांगा त्याला की तुजी भाकरी मीच बंद केली."

"वहिनी, काय बोलता? हे काय माजं काम हाय?"

"मग माजं हाय का? मी काय त्याच्या पोटची हाय? चला!"

आळीतल्या दोन-चार बायका दारात आल्या होत्या. काकासाहेबाला तोंड धुवून मागं जावं लागलं. येताना रस्ताभर तो पुटपुटत होता, "एक तर हे सरकारी काम, त्यात हे म्हातारं, त्यात ह्या बाया..."

म्हातारा गोठ्याच्या उंबऱ्यात उन्हाला बसला होता. काकासाहेबानं दावं हातात घेतलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग गुडघे टेकून खाली बसला आणि म्हाताऱ्याचा पाय धरला.

म्हाताऱ्यानं पाय आपणहून पुढं केला. चांगला लांब केला.

"आलास व्हय?" तो म्हणाला. "तू आमच्या सोपानाचा ना रं? बापानं धाडलं का? माप नीट घे. मागल्या साली अंगठ्याला लई चावली वहान. आन टाच जाड घाल."

सोपान म्हणजे गावचा चांभार. त्याला मरून बारा वर्षं झाली होती. म्हाताऱ्याला वाटलं, वहाणेचं माप घ्यायला कोणी आलंय. तो पाय पुढं करून, बोटं पसरून, वाट बघत बसला. मग दुसराही पाय पुढं केला.

काकासाहेबाच्या हातात दावं तसंच. त्यानं एकदा गाठ घालायला घेतली आणि सोडली. पुन्हा घेतली. दारातल्या बायकांपैकी एकजण खुसकन हसली. काकासाहेब पाटलाचा पोरगा, आणि चांभार म्हणून म्हाताऱ्याच्या पायाशी बसलेला! त्याचं तोंड लाल झालं. तो उठला, दावं खुंट्यावर फेकलं.

"आना त्याला कामावर," तो म्हणाला. "पर मापाच्या वक्ताला मला दिसला न्हाई पायजे. आन तुमच्या ढिगापाशी बसवू नका. पार त्या टोकाला बसवा, जिथं मोठं दगड टाकून देत्यात."

"तिथं ऊन हाय."

"मग छपराला काटक्या मी देतो! आजून काय? वहाना बी शिवून देऊ?"

"दिल्या तर बरंच की," मनकर्णा म्हणाली.

तसं झालं. टोकाला, जिथं मापात न बसणारा दगड टाकून द्यायचे, तिथं चार काटक्यांवर पोतं टाकलं आणि म्हाताऱ्याला बसवला. तो टाकलेला दगड कोणाच्याच हिशेबात नव्हता. म्हातारा त्याची रास करायचा, वाटायचा, नेणारे न्यायचे आणि टाकून द्यायचे. शनिवारी मनकर्णा त्याला माप होईपर्यंत ओढ्याकडं फिरवून आणायची. सोपं मात्र झालं नाही. तो तिथूनही उठायचा. अंगावर घाण करायचा, ती त्याला ओढ्याच्या डबक्यात धुवायची, तो तिला चावायचा. दिवसातून दहादा तिला हातोडी टाकून पळावं लागायचं. तिचा ढीग ओळीत सगळ्यात लहान असायचा, आणि तोंड सगळ्यात मोठं.

बनुबाईनं मात्र जागा बदलली. त्या टोकाला जायच्या वाटेवर म्हाताऱ्यानं तिला पुन्हा एकदा पदर धरायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती ओळीच्या पार दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. तिनं तसं सांगितलंच होतं. मनकर्णाला फार लागलं ते, कारण दिवसभर बोलायला तेवढी एकच होती. पण तिला थांब म्हणायचं कोणत्या तोंडानं? पाण्याच्या वेळी भेटायच्या, तेवढ्यात बोलून घ्यायच्या.

उन्हाळा चढला. वैशाखात म्हाताऱ्याला ताप भरला. पहिल्या दिवशी मनकर्णा त्याला घरी निजवून कामावर गेली आणि दुपारी परत पळत आली. दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. तिसऱ्या दिवशी काकासाहेबाचा निरोप आला की सलग चार दिवस गैरहजर राहिलं तर नाव आपोआप कमी होतं, ते त्याच्याही हातात नाही, तेव्हा वहिनींनी निदान हजेरीपुरतं तोंड दाखवून जावं.

मनकर्णा म्हाताऱ्याच्या अंगावर ओलं फडकं फिरवत होती. तो पाणी घेत नव्हता. चमच्यानं घातलं की कडेनं बाहेर. निरोप घेऊन आलेल्याला ती म्हणाली, "जाऊन सांग, म्हनावं काढा नाव. एवढे महिने ह्या म्हाताऱ्यानं माजा जीव खाल्ला, आन आता नेमकं हजेरीपुरतं ह्याला टाकून येऊ? सांग म्हनावं, येत न्हाई. आन मच्छिंद्राला देवळालीला सांगावा धाडा."

तो गेला. ती पुन्हा फडकं पिळायला लागली आणि म्हाताऱ्याला म्हणाली, "प्या की वो मामा, एक घोट. किती छळायचं मानसाला."

पाचव्या दिवशी हजेरीवरून तिचं नाव कमी झालं. म्हाताऱ्याच्या तेराव्यानंतर तिनं ते परत लावून घेतलं, पण त्यासाठी तिला पुन्हा काकासाहेबाच्या दारात उभं राहावं लागलं.

मच्छिंद्र पोचायच्या आदल्या दुपारी, एकोणीस मे एकोणीसशे त्र्याहत्तर, शनिवारी, रंभाजी घरातच वारला.